चौथी चौकट तुमची

कस्तुरीला अक्कल नव्हती असं नाही, घाई होती. दिवसभर बंगळुरूत व्हाइटफील्डच्या ऑफिसात मान मोडून काम करायचं आणि दर शुक्रवारी नेटवर राक्षसाचं कॉमिक टाकायचं, तर नवीन सुचायला सवड कुठली? म्हणून ती घरातलंच उचलायची. समोरच्या अर्धवट इमारतीवर दृष्ट लागू नये म्हणून राक्षसाचा मुखवटा टांगला होता, तोच तिचा राक्षस. जिना, लिफ्ट, दार सगळं आपल्याच सोसायटीचं, फोटोवरून गिरवलेलं. तीन चौकटी ती काढायची, चौथी रिकामी ठेवायची आणि खाली लिहायची, 'चौथी चौकट तुमची.' वाचक हौसेने काढून पाठवायचे.

गेल्या शुक्रवारी राक्षसाने एका दारावर टकटक केली. दोनदा, एकदा, पुन्हा दोनदा. ही खरं तर तिची आणि तिच्या आठ वर्षांच्या लेकीची, सुखदाची खूण. शाळेतून आल्यावर पोरगी तासभर एकटी असे, आणि या खुणेशिवाय दार उघडायचं नाही असं ठरलेलं.

सोमवारी साडेतीनला एका अनोळखी वाचकाची चौथी चौकट आली. चित्र नव्हतं, फोटो होता. कस्तुरीचंच दार, मुठीला तो मुखवटा, खाली सुखदाच्या पिवळ्या सँडल. त्या कालच घेतल्या होत्या.

 कस्तुरीने घरी फोन लावला.

"आई, मघाशी आपली टकटक झाली," सुखदा रडत होती. "मी साखळी लावून फटीतून बघितलं, तर तुझा राक्षस! मी धाडकन दार लोटलं."

"शाब्बास. आता आतून कडी लाव. खूण केली तरी उघडू नकोस. अगदी माझा आवाज आला तरी नको!"

पोलिसांचा फोन नुसता वाजत राहिला. गेटवर कुणी उचलेना. शेजारच्या कावेरीअक्का म्हणाल्या, "मी चिकपेटच्या बाजारात आहे गं. काय झालं, स्वल्प, जरा सावकाश सांग." सांगायला वेळ नव्हता. तिने रिक्षा पकडली, पन्नास मिनिटं जीव मुठीत धरून बसली आणि लिफ्टची वाट न बघता सहा मजले धावत चढली.

मजल्यावर कुणी नव्हतं. मुठीवर मुखवटाही नव्हता.

"सुखू, मी आलेय. आई."

"नाही," आतून बारीक आवाज आला. "आईचा आवाज आला तरी उघडायचं नाही."

पोरगी सुखरूप होती. कस्तुरीला रडू फुटलं.

"अगं, खरंच मी आहे!"

"मग फक्त आईला माहीत असलेलं काहीतरी सांग."

कान फाटलेला कापडी हत्ती? तो अकराव्या भागात होता. झोपताना म्हणायचं गाणं? तेही राक्षसाने म्हणून झालं होतं. लाडाचं नाव, पाठीवरचा तीळ, अंधाराची भीती. कस्तुरी आठवत राहिली. कॉमिकमध्ये टाकलं नाही असं दोघींचं काहीच उरलं नव्हतं.

मागे लिफ्ट घरघरली. आकडा तळमजल्यावरून वर येऊ लागला. दोन. तीन. चार.

कस्तुरी दोन्ही हातांनी दार बडवू लागली, आणि आत सुखदा तिला घाबरून किंचाळली.