दोघींची मिळून एक

आरोग्य केंद्रातल्या कॉम्प्युटरवाल्याला सगळे मामा म्हणत. हे नाव त्याच्या भाच्यांनी आणलं होतं. त्याची ताई दोन गल्ल्या सोडून राहायची आणि घरीच शिवणकाम करायची. तिच्या जुळ्या मुली बोलायला लागल्यापासून त्याच्या टेबलावर येऊन बसत आणि 'मामा, मामा' करून त्याला भंडावून सोडत. मग सिस्टरांनी तेच नाव उचललं, डॉक्टरीणबाईंनी उचललं आणि औषधांची गाडी आणणाऱ्या ड्रायव्हरनेही. खरं नाव पगारापुरतं उरलं. त्याला त्याचं वाईट वाटत नसे. ताईवर त्याचा भारी जीव. लहानपणी ताईने खिडकीची काच फोडली तरी 'मी फोडली' म्हणून पुढे होऊन मार खाणारा हा भाऊ.

जुळ्यांपैकी एक काही मिनिटं आधी जन्मली म्हणून थोरली ठरली, आणि तेवढ्या भांडवलावर दुसरीला दिवसभर हुकूम सोडायची. दिसायला दोघी अगदी सारख्या. ताई दोघींना एकाच कापडाचे फ्रॉक शिवायची. थोरलीच्या फ्रॉकला पाठीवर बटणं, धाकटीच्या फ्रॉकला नाडी. धाकटीला बटणं लावून होईपर्यंत उभं राहायला सवड नसे.

तान्ह्या असताना दोघी एकाच दिवशी धड कधी नव्हत्याच. एकीला ताप, तर दुसरीचं पोट बिघडलेलं. जी बरी असेल तिला ताई लसीला आणायची. सिस्टर म्हणायच्या, "दुसरीला पुढच्या खेपेला आणा." पुढच्या खेपेला पहिली आजारी. ताईच्या नाकी नऊ यायचे. पण कुणाचा डोस बाकी आहे ते कॉम्प्युटर लक्षात ठेवायचा आणि ताईच्या फोनवर मेसेज पाठवायचा, 'आपल्या बाळाची लस बाकी आहे.' शिवणयंत्रावर वाकलेलं तिचं डोकं त्या मेसेजच्या भरवशावर चालायचं. लसीची कागदी कार्डं होती, ती केंद्राने जमा करून घेतली होती. आता सगळं फोनवर, म्हणाले.

मुली दोन वर्षांच्या झाल्या त्या सुमारास वरच्या ऑफिसात कुणीतरी हिशेब केला आणि जन्मलेल्या मुलांपेक्षा लस घेतलेलीच मुलं जास्त निघाली. आता जन्माला न येता लस घ्यायला मुलं काही आभाळातून पडत नाहीत. एकेका मुलाची नोंद दोनदा झाली होती, एकदा बाळंतपणाच्या दवाखान्यात आणि एकदा केंद्रात. हुकूम सुटला की महिनाअखेर दुबार नोंदी साफ करा. आईचं नाव एक, फोन एक, जन्मतारीख एक, तर मूलही एक. दोन्ही नोंदी एकात घाला. नोंद करताना बाळांना नावं ठेवलेली नसत, सगळ्यांच्या पुढे 'बाळ' एवढंच लिहिलेलं.

मामाने पहिल्या काही जोड्या डोळ्यांत तेल घालून तपासल्या. सगळ्या खरोखरच दुबार निघाल्या. मग त्याने 'सगळे निवडा' दाबलं. जगात जुळी मुलंही होतात हे तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला सुचलं नाही, ते एक वेळ सोडा. ज्याच्या मांडीवर जुळ्या भाच्या खेळत होत्या त्यालाही सुचलं नाही. सुक्याबरोबर ओलंही जळालं. थोरलीचे डोस आणि धाकटीचे डोस मिळून एका बाळाच्या नोंदीत गेले, आणि ते बाळ कागदावर अगदी परिपूर्ण झालं. केंद्राला स्वच्छ नोंदींबद्दल सर्टिफिकेट मिळालं. डॉक्टरीणबाईंनी ते चौकटीत घालून दाराच्या वर लावलं, सगळ्यांनी चहा घेतला.

ताईला मेसेज यायचे बंद झाले. तिला हायसं वाटलं. "मेसेज नाही म्हणजे बाकी काही नाही ना रे?" तिने एकदा विचारलं होतं. "बाकी असतं तर आला नसता का?" मामा म्हणाला.

मुली चार वर्षांच्या होत्या तेव्हा धाकटीचा घसा धरला. ताप होता, पाणीही गिळवेना. ताई तिला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या तरुण डॉक्टरने घशात बॅटरी मारली, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "घटसर्पाची लस झालीय का हिची? सगळे डोस?" ताईने तिथूनच मामाला फोन लावला. मामाने नोंद उघडली. वरपासून खालपर्यंत हिरव्या खुणा.

"सगळे झालेत ताई. एकही बाकी नाही."

"नक्की ना? डॉक्टर समोर उभे आहेत."

"अगं, माझ्यासमोर उघडलंय. नक्की."

डॉक्टरचा जीव भांड्यात पडला. त्याने घसा सुजल्याचं औषध लिहून दिलं. दोन दिवसांनी धाकटीची मान सुजली, श्वासाला घरघर लागली आणि घशात राखाडी पापुद्रा दिसायला लागला. मग मोठ्या डॉक्टरांची धावपळ सुरू झाली. घटसर्पाच्या विषावरचं औषध दुसऱ्या शहरातून आणायचं होतं. ते आलं, टोचलंही, पण तोवर विष हृदयात उतरलं होतं. धाकटी गेली.

भेटायला येणारी माणसं हळू आवाजात एकच बोलत होती, लस घेऊनही गेली. मामाला ते सहन होईना. तो केंद्रात आला, दार लोटून घेतलं आणि नोंद पुन्हा उघडली. या वेळी तो तारखा वाचत खाली गेला आणि मग थोरलीची नोंद शोधायला लागला. ती नव्हतीच. होती ती एकच, आणि तिच्या तळाशी लिहिलं होतं, 'दोन नोंदी एकत्र केल्या.' पुढे त्याचंच नाव. कुठला डोस कुणाच्या मांडीत गेला होता ते आता ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. तो तसाच खुर्चीत बसून राहिला.

तो डॉक्टरीणबाईंकडे गेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून डोळे चोळले.

"मामा, वर कळवलं तर चौकशी लागेल. तुम्हाला घरी बसवतील. मूल परत येणार आहे का?"

"बाकीच्या जुळ्यांचं काय बाई? त्या यादीत आणखी असतील."

"एकत्र केलेल्या नोंदी सोडवता येतात?"

"नाही."

"मग?" बाई म्हणाल्या आणि त्यांनी समोरची फाईल उघडली.

मोठ्या दवाखान्याच्या सांगण्यावरून ताई थोरलीला डोस द्यायला केंद्रात घेऊन आली. सिस्टरांनी नोंद उघडली आणि कॉम्प्युटरचा स्क्रीन पटकन ताईपासून वळवून धरला. मोठ्या दवाखान्याने मृत्यू कळवला होता. दोघींत नोंद एकच, त्यामुळे तो तिच्यावरच जाऊन बसला होता. 'बाळ मृत. नोंद बंद.' कॉम्प्युटरच्या लेखी दोन्ही भाच्या संपल्या होत्या.

मामाने थोरलीची नवी नोंद भरली. 'या बाळाची नोंद आधीच आहे,' कॉम्प्युटर म्हणाला. मामाने जन्मतारीख एका दिवसाने पुढे सरकवली. मग कॉम्प्युटरने ती मुकाट्याने घेतली. खरं भरलं तर दार बंद, खोटं भरलं की सताड उघडं. सिस्टरांनी सुई टोचली. थोरली रडली नाही. चढाओढीने रडायला जी लागायची ती आता नव्हती.

"चूक माझीच रे," ताई बाकावर बसत म्हणाली. "एकीलाच दोनदा आणलं असणार मी. तापात कोण, बरी कोण, माझं मलाच कळायचं नाही तेव्हा. रात्रभर तेच आठवत बसते."

मामा तिच्यासमोर खाली बसला आणि त्याने सगळं सांगितलं. दुबार नोंदी, ते बटण, दोघींची झालेली एक, थांबलेले मेसेज, फोनवरचं ते 'नक्की'. सांगताना त्याचे डोळे वाहत होते. ताई शांतपणे ऐकत होती.

"झालं सांगून?"

"खरं आहे ताई. मी केलंय हे."

"काच फुटली तेव्हाही असंच तोंड करून सांगितलं होतंस."

त्याने तिला हाताला धरून कॉम्प्युटरपाशी नेलं, नोंदीच्या तळाशी असलेलं स्वतःचं नाव दाखवलं. तिने ते वाचलं.

"तुझंच असणार. इथल्या सगळ्याच नोंदींखाली तुझंच नाव असतं ना?" तिने तळहाताने त्याचे डोळे पुसले. "मला बरं वाटावं म्हणून अंगावर घेऊ नकोस. आई मी आहे. कुणाला काय दिलं ते मला ठाऊक नको?"

तो पुन्हा सांगायला लागला तेव्हा तिने मानेनेच नको म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा खरंच त्याच्या हातून फुटलं होतं, आणि मार ताई खात होती.

"मामाला टाटा कर," ताई म्हणाली. थोरलीने हात हलवला. आज हट्टाने तिने धाकटीचा फ्रॉक घातला होता. पाठीवरची नाडी सुटली होती. दारात, त्या सर्टिफिकेटखाली थांबून ताईने ती बांधली.