ठकूबाईचं नाक

बसा पावणं, शिनोलीच्या ठकूबाईची गंमत सांगतो.

दाताला लावायच्या मिश्रीसाठी म्हातारी घोडेगावात मोहनलालशेटच्या दुकानातनं तंबाखू न्यायची. नुसतं हुंगून सांगायची, ही निपाणीची, ही गुजरातची. एकदा शेटनं तिसरीच पुडी म्होरं ठेवली.

"ही कुठली ते सांग, वर्षभर तंबाखू फुकट. चुकलीस तर मिश्री सोडायची!"

ठकूबाईनं हुंगलं. अत्तरावानी गोड वास, जन्मात न घेतलेला. पण हरून चालणार नव्हतं. मिश्रीबिगर तिची सकाळच व्हत नव्हती.

"प्यारीबाई, तवा दे गं," तिनं शेटच्या बायकोला हाक मारली.

पान तव्यावर भाजलं तसं सगळं दुकान शिंकायला लागलं. म्हातारी तेवढी हसली.

"शेट, गावाचं नाव मला न्हाई ठावं. पण हिला पाणी पाजल्यालं न्हाई. खडकाळ माळावरची हाये, उन्हात वाळवलीया. आमच्या माळावरची मेथी बघा, पान एवढंसं आन् वास लई दांडगा."

शेटचा पोरगा अंकित तुर्कस्तान फिरून आला व्हता, पानं त्यानंच आणलेली. त्यानं मोबाईलवर फोटू दाखवला. उघडा डोंगर, नुसतं दगड, आन् दोरीवर उन्हात टांगलेली बारकी पानं.

"हरलो की गं बाई!" शेट पोट धरून हसला आन् ती पुडीबी तिलाच दिली.

आता म्हातारीला दुसरी मिश्रीच चालंना, आन् पुडी तर संपत आलीया. पावणं, तुमचं कुणी तिकडं जाणार असलं, तर मूठभर पानं आणायला सांगा की राव!