शिवगंगेचं गाढव

मी गाढव बोलतोय. ही शिवी नाही, माझी ओळख आहे.

निजामाच्या अमलात, मुरुमच्या परीट आळीत माझा जन्म झाला. जन्मलो तेव्हा पुढचे दोन्ही पाय गुडघ्यात आखडलेले होते. मालकानं मला उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाला, "ह्येचा काय उपेग न्हाय." मालकीण गजराबाईनं ते मनावर घेतलं नाही. ती रोज मला ओढ्याच्या ओल्या वाळूत न्यायची आणि पोटाखाली हात घालून चालवायची. पाय सरळ झाले. दोन वर्षांनी तिनं माझ्या पाठीवर पहिलं गाठोडं लादलं. माझा उपयोग सुरू झाला.

पेठेत बसप्पांचं किराणा दुकान होतं. त्यांच्या घरचं धुणं आमच्याकडं असे. त्यांची लेक शिवगंगा सात वर्षांची. बोलायला चुरचुरीत. पण तिचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले असत आणि मुठी आवळलेल्या. हकीमसाहेबांनी नाडी बघून एक तेल दिलं. वैद्यांनी ते बंद करून दुसरं दिलं. पोर तुकतुकीत झाली, चालली मात्र नाही. मग तिची आई नीलम्मा दर सोमवारी तिला कडेवर घेऊन ओढ्याकाठच्या महादेवाला यायची.

एका सोमवारी परतीच्या वाटेवर नीलम्माच्या कमरेत उसण भरली. ती मटकन खालीच बसली. गजराबाई धुणं घेऊन मागून येत होती. तिनं काही न विचारता पोरीला उचललं, दोन्हीकडं पाय सोडून माझ्या पाठीवर बसवलं आणि मागून धरलं.

माणसं माझ्यावर बसली की टाचा मारतात. हिच्या टाचांना ते जमत नव्हतं. नुसतं थरथरणारं एक ओझं होतं. मी माझ्या चालीनं निघालो. लिंबाच्या झाडापाशी आलो तेव्हा तिचे पाय सैल होऊन माझ्या कुशीवर लोंबायला लागले होते.

"अव्वा, पाय बघ!" शिवगंगा ओरडली.

नीलम्मा कमरेवर हात ठेवून बघतच राहिली. गजराबाई म्हणाली, "गाढवाच्या शिंगराचं बी असंच असतंय, अक्का. आखडलेला पाय वढू न्हाय. चालत्या अंगासंगं सोडावा."

तेव्हापासून एक दिवसाआड मी मागच्या गल्लीनं त्यांच्या घरून ओढ्यावर आणि ओढ्यावरून घरी. वर शिवगंगा, बाजूला नीलम्मा. ओढ्यावर गजराबाई पोरीला रिकामी बसू द्यायची नाही. आधी चिंधी पिळायला दिली. मग टोपी. टोपी तिच्या वडिलांची होती. पिळली जायची थोडी, चुरगळायची फार. बसप्पा महिनाभर तसलीच टोपी घालून दुकानात बसले. त्यांना खरं ठाऊकच नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणत, "परटीण म्हातारी झाली."

मग एका बाजारच्या दिवशी मागची गल्ली गाड्यांनी अडली होती, म्हणून आम्ही पेठेतून निघालो आणि त्यांनी स्वतःच्या लेकीला माझ्या पाठीवर बघितलं. त्यांच्याआधी सगळ्या बाजारानं बघितलं होतं. समोरच्या दुकानातले खाजाभाई शिंपी हसत म्हणाले, "सेठ, किसकी धिंड है?"

गावात गुन्हेगाराला गाढवावर बसवून फिरवतात. त्यात गाढवाचा गुन्हा काय असतो, हे मला कुणी सांगितलेलं नाही. बसप्पांनी लेकीला उचललं, घरात नेलं आणि दार लावून घेतलं.

वीस-बावीस दिवस मी नुसती गाठोडी वाहिली. नीलम्माही महादेवाला आली नाही. मग एका दुपारी बसप्पा आमच्या दारात उभे राहिले. गजराबाई हिवतापानं अंथरुणावर होती.

"पाय परत चढले," बसप्पा म्हणाले. "परकर नेसवताना लेकरू वरडतंय. काल म्हणली, अप्पा, माझ्यापरास तुमाला टोपी मोठी हाय का?"

"मला उठवत न्हाय, अप्पा," गजराबाई म्हणाली. "दावं खुंटीला हाय. घिऊन जावा."

त्यांना दावं धरता येत नव्हतं. मी त्यांना सांभाळून घेतलं. त्या दिवशीही नेमका बाजार होता. मागच्या गल्लीनं जाता आलं असतं. मी तिकडं वळलोही होतो. त्यांनी मला ओढून पेठेत आणलं. शिवगंगा माझ्या आयाळीत बोटं अडकवून बसली होती. सगळी पेठ थांबली.

कुणी विचारायच्या आतच बसप्पा मोठ्यानं म्हणाले, "व्हय, धिंडच हाय. माझी. रोज निघणार हाय, सावकाश बघा."

त्यांनी दावं इतकं आखडून धरलं होतं की ते माझ्या नाकाला घासत होतं.

दुसऱ्या दिवशी खाजाभाईंनी कापूस भरलेली एक गादी शिवून आणली. "हड्डी चुबती होगी बच्ची को," असं म्हणून माझ्या पाठीवर टाकली आणि खाली मान घालून निघून गेले. हाड माझं होतं. पण गादी चांगली होती.

त्यानंतर धिंड बघायला कुणी थांबेना. शिवगंगेला ताठ बसायला वर्ष लागलं. माझ्या मानेला धरून उभं राहायला आणखी दोन. मधल्या काळात राज्य बदललं. चावडीवरचा झेंडा बदलला. पिळण्यात गजराबाईनं तिला टोपीवरून धोतरावर आणलं.

आता ती तेरा वर्षांची आहे. काठी टेकत घरापासून दुकानापर्यंत जाते. डावी मूठ पुरती उघडत नाही. ती उघडेल असं गजराबाई कधी म्हणालीही नव्हती. वेणी ती स्वतः घालते. ओढ्यावर यायला अजून मी लागतो. पण तिथं पोचल्यावर मला बांधायचं काम तिनं मागून घेतलंय. उजव्या हातानं दाव्याला पीळ देते, डाव्या मुठीत टोक दाबते, दात लावते. नीलम्मा मदतीला वाकली तर म्हणते, "अव्वा, तू बस."

अर्धा तास लागतो. पण ती गाठ सुटत नाही. ना बसप्पांना, ना गजराबाईला. परवा विळ्यानं दावं कापावं लागलं.

तेव्हा गजराबाई, तुमच्या पाया पडतो. पोरीला गाठ मारायला शिकवलीत, चांगलं केलंत. आता सोडवायलाही शिकवा. ऊन चढलंय, आणि मला पाणी प्यायला जायचंय.