सरकत्या तळाचं खुराडं

खुराड्याचं दार गुडघ्याएवढं. त्यातून अर्धं अंग आत घालून ती खुरप्यानं कोंबड्यांची वाळलेली शीट खरवडत होती आणि बाहेर उभा राहून नवरा तिला सांगत होता, की ती खुरपं चुकीचं धरते. त्यानं स्वतः ते कधी धरलं नव्हतं. त्यामुळे त्याची मतं पक्की होती.

तिचे गुडघे सुजले होते. "उभं राहून साफ करता येईल असं काहीतरी करा," ती आतूनच म्हणाली, "नाहीतर कोंबड्या विकते."

एकदा कुणाचा तरी बंद पंप त्याच्या लाथेनं सुरू झाला होता, तेव्हापासून गाव त्याला इंजिनेर म्हणायचं. ते खरं मानणारा तो एकटाच. त्यानं अंगणात खडूनं नकाशा काढला. तळाला जाळी, जाळीखाली पत्र्याचा लांबलचक ट्रे. शीट ट्रेमध्ये पडणार. ट्रे मागून ओढायचा, उकिरड्यावर पालथा घालायचा, संपलं काम. मागूनच का? तर घाण अंगणात दिसायला नको. वेल्डरनं सांगितलं तसं केलं आणि खुराड्याचे पाय सिमेंटमध्ये गाडले.

बघायला शेजारपाजार जमला. इंजिनेरनं बाह्या सारल्या, ट्रे ओढला. ट्रे हातभर बाहेर आला आणि मागच्या गोठ्याच्या भिंतीला टेकला.

खुराडं मोजलं होतं, ट्रे मोजला होता. ट्रे बाहेर यायला लागणारी जागा तेवढी मोजायची राहिली होती. गोठा कधी सरकवताय, असं कुणीतरी अदबीनं विचारलं.

"माझं गणित बरोबर आहे," इंजिनेर म्हणाला. "भिंत चुकीच्या जागी आहे."

भिंत त्याच्या आजोबांनी बांधलेली होती.

मग त्यानं बायकोला रीत समजावली. ट्रे हातभर ओढायचा, पालथं पडायचं, हात आत घालून उरलेलं पुढं खेचायचं. तिनं एकदा केलं. ती खांद्यापर्यंत आत गेली असताना वर जाळीवर कोंबड्यांनी आपलं काम चालू ठेवलं. ती उठली, डोक्यावरून पाणी घेतलं आणि भांडली नाही. सासूला त्याचीच धास्ती वाटली.

दुसऱ्या दिवशी त्याचा साडू आला. इंजिनेरनं त्याला खुराड्याची थोरवी ऐकवली आणि बायकोला म्हणाला, "अगं, दाखव जरा साफ करून."

"मला कसं जमेल?" ती म्हणाली. "एवढं डोकं लावून केलंय तुम्ही, माझ्या हातून बिघडलं म्हणजे? तुम्हीच दाखवा. दाजी काय रोज येतात?"

साडूसमोर माघार घेणं शक्य नव्हतं. इंजिनेर पालथा पडला. साडूला नीट समजलं नाही. त्यानं पुन्हा एकदा दाखवायला लावलं.

तेव्हापासून रोज सकाळी तोच पालथा पडतो. नाजूक यंत्र कुणाच्याही हाती देता येत नाही, असं गावात सांगतो.

एकदा सासूनं स्वयंपाकघरात सुनेला हळूच विचारलं, "अगं, ट्रेला पुढून अडवणारी लोखंडी पट्टी कापली, तर ट्रे अंगणातून सरळ बाहेर येईल ना? वेल्डरचं घटकाभराचं काम."

"हळू बोला, सासूबाई. ऐकतील."

सासूनं उमेदीची सगळी वर्षं तेच जुनं खुराडं खरवडलं होतं, आणि तेव्हाही बाहेर कुणीतरी उभं राहून खुरपं कसं धरावं ते सांगत होतं. तिनं खिडकीतून पाहिलं. मुलगा जमिनीवर आडवा पडून कोंबड्यांना जरा सरकायला सांगत होता.

तिनं खिडकी लावून घेतली आणि सुनेला म्हणाली, "चहा ठेव. दोघींपुरता."