दुपारी घरट्यात कोण बसतं

आमच्या शिबिराची वाटणी सोपी होती. जेवणापर्यंतचा दिवस देवाचा, जेवणानंतरचा माझा. सकाळी लाझारोआजोबा सिनेगॉगच्या ओट्यावर मुलांना बसवून मोशेचं शास्त्र शिकवायचे. दुपारची झोप झाली की मी त्यांना ओढ्याकाठी न्यायची आणि पाखरं, मुंग्या, सापाची कात, जे सापडेल ते दाखवायची. चार वाजता घरची माणसं येऊन आपापलं पोर घेऊन जायची.

एके काळी एन्त्रे रिओस प्रांतातल्या आमच्या या यहुदी वसाहतीत मुलांना ओटा पुरायचा नाही. यंदा अर्धा ओटाही भरला नव्हता. "शेवटचंच वर्ष," असं आम्ही दर जानेवारीत, इथल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, म्हणतो. यंदा ते कुणी मोठ्याने म्हटलं नाही, आणि तेच मला आवडलं नाही.

लाझारोआजोबांनी आयुष्यभर वसाहतीच्या कोंबड्या शास्त्राप्रमाणे कापल्या. आता कोंबड्या कापून, गोठवून शहरातून येतात. "सुरी काढून घेतली आणि पोरं दिली हातात," ते म्हणायचे. "फरक एवढाच, की कोंबडी मधेच प्रश्न विचारत नाही." मला पाखरं कुणी शिकवली नाहीत. नवरा गेल्यावर दिवस संपता संपेना म्हणून अंगणात बघत बसले, बघता बघता कळत गेलं.

त्या गुरुवारी मी ओट्याच्या पायरीवर कलिंगड कापत होते आणि आजोबा घरट्याची आज्ञा सांगत होते.

"वाटेत घरटं दिसलं आणि आई अंड्यांवर बसलेली असली, तर आधी आईला उडवून लावायचं. मग अंडी घ्यायची. आईच्या डोळ्यांदेखत नाही."

"म्हणजे तिच्या माघारी चोरायची," बेन्हा म्हणाला. हा ट्रॅक्टरवाल्या मौरोचा मुलगा.

"तू वकील होणार का रे? तुझा बाप बघ, दिवसभर तोंड न उघडता नांगरतो."

"ट्रॅक्टरच्या आवाजात कोण ऐकणार, म्हणून गप्प असतो. घरी येऊन बघा."

मुलं हसली. दालिया हसली नाही. "आजोबा, ही आज्ञा पाळली तर काय मिळतं?" तिने विचारलं.

"चांगलं विचारलंस. शास्त्रात आज्ञा ढीगभर, पण बक्षीस फार थोड्यांपुढे लिहिलंय. हिच्यापुढे लिहिलंय. आयुष्य वाढतं."

"कुणाचं?"

माझी सुरी कलिंगडात थांबली. दालियाचा बाप, सौल, पराना शहरातल्या इस्पितळात होता. यकृत गेलं होतं. आई तिकडेच त्याच्या उशाशी, आणि पोर बेर्टाआत्याकडे. सौल परत यायचा नाही हे बेकरीत, पोस्टात, सगळीकडे माहीत होतं. दालियाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि म्हणूनच तिला माहीत असणार.

आजोबांनी दाढी कुरवाळली. "पाळणाऱ्याचं," ते म्हणाले. मग तिच्या तोंडाकडे बघून पुढे म्हणाले, "आणि त्याच्या घरच्यांचंही. देव काही कंजूष नाही."

हा शेवटचा तुकडा शास्त्रात नाही. तो त्यांनी पदरचा घातला.

जेवणानंतर आम्ही नेहमीसारखे हॉलमध्ये पंख्याखाली आडवे झालो. आजोबा घोरत होते. मला जाग आली ती पंखांच्या फडफडाटाने. स्वयंपाकघरामागे बकाणाच्या झाडावर होल्याचं घरटं होतं. घरटं कसलं, चार काड्या. आळशी माणसाने घातलेलं अंथरूण. मी उठेपर्यंत दालिया दारात उभी होती. टोपी उलटी धरलेली, टोपीत दोन पांढरी अंडी.

"बादलीवर चढले," ती कुजबुजली. "मारलं नाही हं मावशी. नुसतं हूश केलं. ती उडाली, मग घेतली. आधी ती, मग अंडी. बरोबर ना?"

आजोबा उठून बसले होते. डोक्यावरची टोपी कानावर आलेली. त्यांनी अंड्यांकडे पाहिलं आणि म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. "एवढी वर्षं शिकवतोय," ते म्हणाले, "मला स्वतःला कधी करायला मिळालं नाही. शाब्बास, पोरी."

"आजपासूनच लागू होतं? की शनिवारचा शब्बाथ झाल्यावर?"

"लगेच."

तिने एवढा मोठा श्वास सोडला, की इतके दिवस ती तो धरून बसली होती की काय असं मला वाटलं.

आणि मी मात्र खिडकीतून बाहेरचं ऊन बघत राहिले. टळटळीत दुपार होती.

होल्यांचं एक असतं. सकाळपासून उन्हं कलेपर्यंत अंड्यांवर बाप बसतो. मग आई येते आणि रात्र काढते. मी हे दरवर्षी मुलांना सांगते, मुद्दाम चारच्या सुमाराला, आलेल्या आयांना ऐकू जाईल अशा आवाजात. "असा नवरा अख्ख्या वसाहतीत दाखवा," मी म्हणते, आणि आया हसतात. यंदा अजून सांगितलं नव्हतं.

मी आजोबांना स्वयंपाकघरात बोलावलं. त्यांनी सवयीने 'माते'चं, आमच्या कडू चहाचं, भांडं पुढे केलं. मी नळी तोंडाला लावली नाही.

"आजोबा, तिने उडवली ती आई नव्हती. दुपारी बाप बसतो."

त्यांनी भांडं खाली ठेवलं. मग म्हणाले, "लिहिलंय. ग्रंथात लिहिलंय तसं. बापाला उडवलं तर आज्ञा पाळली असं होत नाही. वाचलेलं आहे मी, ओल्गा. पण मी काय, कोंबड्या कापणारा. होल्याच्या घरात दुपारी कोण असतं, याच्याशी माझा काय संबंध आला?"

"मग आता?"

"मग तू सांग तिला. जा. तू खऱ्याची बाई आहेस ना?"

मी गेले नाही.

शेवटी त्यांनीच वाट काढली. अंडी उचलली की आज्ञा संपते, ती ठेवून घ्यायची सक्ती नाही, असं त्यांनी दालियाला समजावलं. तिने खुशीने दोन्ही अंडी परत घरट्यात ठेवली. आजोबांचा बेत असा, की उन्हं कलली की आई येऊन बसेल, तेव्हा पोरीकडून पुन्हा एकदा, रीतसर. मी म्हटलं, होला असा परत येत नाही. एकदा हात लागला की घरटं टाकतो. "तुझे पक्षी फार मानी," ते म्हणाले.

चारला बेर्टाआत्या आली. आजोबांनी तिला बाजूला घेऊन काहीतरी सबब सांगितली. तिने डोळे वटारले, पण थांबली. मी, आजोबा, बेर्टा आणि दालिया, चौघं बकाणाखाली खुर्च्या टाकून बसलो.

"कुणाची वाट बघतोय?" दालियाने विचारलं.

"आईची," आजोबा म्हणाले.

"पण ती तर उडाली."

ऊन भिंतीवरून वर सरकलं, मग पत्र्यावर गेलं, मग गेलंच. डास आले. पलीकडच्या तारेवर एक होला बसला होता. तो किंवा ती, खाली उतरली नाही. आजोबा बादलीवर चढले. मी त्यांचा पाय धरला, आणि बेर्टाने माझा दंड. त्यांनी घरट्यात बोट घातलं.

"गार," ते म्हणाले.

दालिया तारेकडे बघत होती. मला वाटलं, बरं झालं, तिच्या काही लक्षात आलं नाही.

सौल रविवारी पहाटे गेला. आमच्यात थांबत नाहीत. त्याच दिवशी आणून पुरला. मिन्यानला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला, दहा पुरुष लागतात, ते जमवायला बेन्हाचा बाप शेतातून चिखलाच्या बुटांनी आला. स्मशानातून परतल्यावर घरच्यांनी घरचं अन्न खायचं नसतं. पहिलं जेवण शेजाऱ्यांनी न्यायचं, आणि त्यात उकडलेली अंडी हवीत. अंड्याला तोंड नसतं, तसं शोक करणाऱ्यालाही नसतं, म्हणून. अशा प्रसंगी मी कितीदा अंडी उकडली असतील. त्या दिवशीही उकडली, सोलली, मीठ घेतलं, ताट झाकलं आणि चालत गेले. आपण काय घेऊन चाललोय हे मला दालियासमोर ताट धरेपर्यंत सुचलं नाही.

शोकाच्या घरी झाकतात तसे आरसे झाकलेले होते. सौलची बायको, एल्सा, बुटक्या स्टुलावर बसली होती. तिने काल सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. दालिया तिच्या पायाशी जमिनीवर.

दालियाने ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ओल्गामावशी, दुपारी बाप बसतो ना?"

मी ताट खाली ठेवलं आणि तिच्यासमोर बसले. या वयात जमिनीवर बसायचं म्हणजे गुडघे आधी बोलतात.

"तुम्ही गेल्या वर्षी सांगितलं होतं," ती म्हणाली. "आई हसली होती. बाबा घ्यायला आले होते, तेपण हसले. तारेवर होला पाहिल्यावर मला आठवलं."

"हो," मी म्हटलं. "दुपारी बाप बसतो."

"मी बापाला उडवलं."

कोपऱ्यातून लाझारोआजोबा पुढे झाले. "ऐक, पोरी. शास्त्र आईबद्दल आहे. बापाला उडवलं तर काही होत नाही. पुण्य नाही, पण पापही नाही. काहीच नाही. मी शपथेवर सांगतो."

"म्हणजे धरलंच नाही?"

"धरलंच नाही."

आजोबांना वाटलं, तिच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. मलाही क्षणभर वाटलं.

"म्हणजे बाबांसाठी कुणीच काही केलं नाही," ती म्हणाली.

त्यांच्याकडे एवढं शास्त्र, माझ्याकडे एवढी पाखरं, आणि दोघांकडे मिळून एक वाक्य निघेना. बाहेर मौरो ओट्यावर बूट आपटून चिखल झाडत होता.

थोड्या वेळाने तिने ताटावरचं फडकं बाजूला केलं.

"ही कोंबडीची?"

"हो."

"कोंबडा बसतो का अंड्यांवर?"

"नाही," मी म्हटलं. "कधीच नाही. दिवसा नाही, रात्री नाही. कोंबडा नुसता ओरडतो."

ती माझ्या डोळ्यांत बघत राहिली, खरं बोलतेय की नाही ते तपासत. मग तिने एक अंडं उचललं, मिठात बुडवलं, आणि आईच्या हातात दिलं.

"आई," ती म्हणाली, "हे चालेल. मी विचारलंय."