राहिलेली ओळ

"आता शनिवारची प्रार्थना तुझी वहिनी चालवेल," बाबा म्हणाले, आणि माझ्या हातातली कात्री खाली पडली.

आमचं शिवणकामाचं दुकान. दर शनिवारी संध्याकाळी मशिनी भिंतीशी सरकवायच्या, चिंध्या झाडायच्या आणि तिथंच बसायचं. पुढे बाबा म्हणणार, मागून आम्ही नि कारागीर. प्रार्थना घरात तोंडीच चालत आलेली. जो नीट सांभाळेल, त्याच्याच हाती द्यायची. बाबांचा आवाज बसत चालला होता. मी त्यांची धाकटी लेक, बोबडं बोलायचे तेव्हापासून मला ती पाठ. आणि दादाची बायको? आली कधी, शिकली कधी! वर जीभ ही एवढी लांब. एकदा तिनं भर प्रार्थनेत बाबांना अडवलं होतं.

"जिनं चारचौघांत तुम्हाला टोकलं, तिला?"

"म्हणूनच. 'ज्यांनी दुखावलं त्यांना मी माफ केलं,' ही ओळ तेव्हा मी गाळली होती. विसरलो नव्हतो गं. तुझ्या काकाशी वाजलं होतं, ती तोंडातून निघेना. तुला कळलं होतं ना?"

"कळलं होतं. पण तुम्हाला कसं सांगायचं?"

"तू माझा मान राखलास. तिनं प्रार्थनेचा राखला."

बाबांना मला काही बोलता येईना, म्हणून सगळा राग वहिनीवर काढला. "सासऱ्याला बरं गुंडाळलंस! या घरात तुझं आहेच काय?" एरवी एकाला दोन ऐकवणारी वहिनी पाठ फिरवून आत निघून गेली.

शनिवारी ती पुढे बसली. चुकतेय कुठे म्हणून मी कान टवकारून होते. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मग ती ओळ आली आणि वहिनी ती सोडून पुढे गेली.

मला धक्काच बसला. वहिनी आणि गाळते? दादानं मान खाली घातली. बाबांचे डोळे मिटलेले. ती ओळ कुणामुळे अडली, हे त्या खोलीत वहिनीखेरीज मला एकटीलाच ठाऊक होतं.

"वहिनी," माझा आवाज मलाच ओळखू येईना, "ओळ राहिली."

ती थांबली. "निघत नाहीये, वन्सं."

मी उठून तिच्यासमोर जाऊन बसले. सगळ्यांसमोर म्हणाले, "चुकले मी. घर तुझंच आहे. आता म्हण."

तिनं पदरानं डोळे पुसले आणि ओळ म्हटली. आमच्या सगळ्यांच्या आधी, बसलेल्या आवाजात, बाबांनी ती मागून म्हटली.