खोरवस्तीची पंचायत

खोरवस्तीला स्वतःची ग्रामपंचायत मिळाल्याची बातमी सटवाला पाटोद्याच्या बाजारात कळली. तहसीलमधला एक ओळखीचा शिपाई चहाच्या टपरीवर भेटला आणि म्हणाला, "सटवादादा, झालं तुमचं काम. राजपत्रात आलं." सटवानं हातातला चहा खाली ठेवला आणि बाजूच्या कट्ट्यावर बसून राहिला. दहा-बारा वर्षं तो या एका गोष्टीमागं हिंडला होता. आता आनंद व्हायला हवा होता, पण आपले गुडघे दुखतायत, एवढंच त्याला जाणवलं.

खोरवस्ती म्हणजे बालाघाटाच्या उतारावर विखुरलेली मेंढपाळांची घरं. ती ज्या थोरल्या गावात मोडायची त्याची ग्रामपंचायत डोंगराच्या पलीकडं. साध्या दाखल्याला आख्खा दिवस जायचा आणि पावसाळ्यात ओढा भरला की तेही बंद. वस्तीच्या नावानं मंजूर झालेली पाण्याची टाकी एका साली थोरल्या गावातच उभी राहिली, तेव्हा सटवाच्या डोक्यात वेगळ्या ग्रामपंचायतीचं वेड शिरलं. त्यासाठी आधी थोरल्या गावाच्या ग्रामसभेचा ठराव लागायचा. तिथं बद्रीनाथ आबांचा शब्द चालायचा. आबा मोठे जमीनदार, तालुक्याच्या राजकारणातले. ते नुसते मान हलवायचे आणि सभेतला एकही हात वर व्हायचा नाही. मग सटवा एसटीनं बीडला जायचा, "साहेब मीटिंगला गेलेत" हे ऐकून परत यायचा. तोवर मेंढरांमागं त्याची बायको बायडाबाई असायची. उन्हात, पावसात, तापात सुद्धा.

गेल्या वर्षी आबांनी अचानक ठराव होऊ दिला. का, ते वस्तीत कुणालाच उमगलं नाही. सटवाला वाटलं, म्हातारपणी माणूस निवळला असेल.

बातमी घेऊन सटवा घरी आला. बायडाबाई वाघुरीच्या, म्हणजे मेंढरांभोवतीच्या जाळीच्या, आत लंगडणाऱ्या मेंढीचा खूर बघत होती. तिनं मान वर न करता सगळं ऐकलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "आता उद्यापासनं मेंढरं तुमी न्या."

पण तसं झालं नाही. आधी प्रशासक आला. मग तलाठी आणि ग्रामसेवक वस्तीभर फिरून वॉर्ड पाडून गेले. तीन वॉर्ड, सात सदस्य, आणि सरपंच थेट लोकांतून. तहसीलमध्ये आरक्षणाची सोडत निघाली आणि खोरवस्तीचं सरपंचपद महिलेसाठी राखीव झालं. सटवा घरी येऊन म्हणाला, "अगं, तुला उभं राहावं लागतंय. तू नुसती सही कर, बाकीचं म्या बघतो."

"मला न्हाई जमायचं," बायडाबाई म्हणाली. "तुमची हौस तुमची तुमी फेडा. मला त्यात घालू नका."

चार दिवसांनी बिरोबाच्या देवळापुढं वस्ती जमली. सटवाचा चुलतभाऊ नाथा उभा राहिला. त्याची मेंढरं उन्हाळाभर आबांच्या विहिरीवर पाणी प्यायची. तो म्हणाला, "पैलीच निवडनूक हाय. उगं भांडनं कावून करायची? बिनविरोध करू. आबाची धाकली सून विजयमाला हाय की. खालच्या शेतात घर हाय त्यायचं, मतदार यादीत नाव हाय. आबाची वर वळख हाय, कामं व्हतील."

तेव्हा कुठं सटवाला कळलं. थोरल्या गावात आबांचे विरोधक वाढले होते. ही नवी, लहान ग्रामपंचायत त्यांना पुरती हाताखाली हवी होती. त्यानं आजूबाजूला बघितलं. ज्यांच्या सह्या-अंगठे घेऊन तो बीडला जायचा, तीच माणसं नाथाकडं बघून माना डोलवत होती. कुणाचा राग नव्हता त्यांच्या तोंडावर. नुसता कंटाळा होता. एकदाचं मिटू दे, असा.

सटवा उठून चालू लागला. घरी येऊन घोंगडीवर आडवा झाला.

"तुमी बोलले कावून न्हाई?" बायडाबाईनं विचारलं.

"जाऊ दे. म्या दमलो."

बायडाबाई भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. "तुमी दमले? आन् म्या काय इतके वर्सं झाडाखाली निजले व्हते? तुमी बीडला गेलते तवा लांडगा शिरला, म्या एकटीनं हाकलला. तुमच्या या पंचायतीपायी माज्या पायाची कातडी गेली. आन् ती आता फुकटात आबाच्या घरात द्यायची?"

सटवा उठून बसला. तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि बराच वेळ ती उलटायलाच विसरली.

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी ती त्याच्याबरोबर पाटोद्याला गेली. रांगेत उभी राहिली, अंगठा देऊन परत आली. पुढं चिन्हवाटपात तिला कपबशी मिळाली. बिनविरोधचा बेत मोडला म्हणून नाथानं त्या दिवसापासून दोघांशी बोलणं टाकलं.

प्रचार म्हणजे काय ते बायडाबाईला ठाऊक नव्हतं. मेंढरं आत घेतली की ती घरोघर जायची, उंबऱ्यावर बसायची. बाया चहा करायच्या. बोलणं तिच्या गुडघ्यांचं, सुनांचं, पाण्याचं व्हायचं. मताचं शेवटी निघायचं. "तुलाच देनार बाई," असं त्या म्हणायच्या आणि नवरा अंगणात आला की गप्प व्हायच्या. बायडाबाईला ते गप्प होणं कळायचं. तरी ती पुढच्या घरी जायची.

एकदा ती खालच्या शेतातल्या घरापुढून चालली होती. विजयमाला हौदावर धुणं धूत होती. तिनं हात पुसून पाण्याचा तांब्या आणला.

"मावशी, माझ्याविरुद्ध उभ्या आहात म्हणून पाणी घेणार नाही का?"

बायडाबाईनं पाणी घेतलं. विजयमाला तिशीची असेल, बारावी शिकलेली. ती हळूच म्हणाली, "मला कुणी विचारलंच नाही मावशी. मामंजींनी फॉर्म पुढं केला, सही कर म्हणाले."

"मला नवऱ्यानं इचारलं व्हतं," बायडाबाई म्हणाली. "तवा म्या न्हाई म्हनले. मंग आपनच गेले."

तांब्या परत देऊन बायडाबाई निघाली.

मतदान वस्तीच्या शाळेत झालं. म्हातारी माणसं पहिल्यांदाच डोंगर न चढता मत देऊन आली. दोन दिवसांनी पाटोद्याला मोजणी झाली आणि बायडाबाई थोडक्यात हरली. नाथाच्या आळीनं विजयमालेला मतं दिली होती. बाहेर गुलाल उधळला जात होता, आबांच्या गळ्यात हार पडत होते. विजयमाला गर्दीत कुठं दिसलीच नाही. सटवानं बायकोला एसटी स्टँडवर नेलं आणि गाड्यावरची भजी घेतली. दोघांनी ती उभ्याउभ्या खाल्ली.

"म्या तुला उगं राबवलं," सटवा म्हणाला.

"आपली पंचायत झाली का न्हाई?"

"झाली."

"मंग खा आता."

पहिली ग्रामसभा शाळेच्या ओसरीत भरली. वस्तीतली बरीच माणसं आली होती, बाया मागं भिंतीला टेकून बसल्या होत्या. मधल्या खुर्चीवर विजयमाला डोक्यावर पदर घेऊन बसली होती. शेजारच्या खुर्चीवर आबा. ते ना सदस्य, ना वस्तीचे मतदार. पण त्यांनी खुर्ची घेतली तेव्हा कुणी काही म्हटलं नाही. ग्रामसेवकानं सभा सुरू झाल्याचं सांगितलं आणि आबाच बोलू लागले.

"पहिला विषय पाण्याचा. सार्वजनिक विहीर मंजूर करून आणतो. जागा आमच्या खालच्या शेताच्या बांधाला धरू. कुणाची हरकत नसंल, तर पुढचा विषय."

खालचं शेत वरच्या घरांपासून लांब होतं. भरली घागर घेऊन सगळा चढ चढावा लागला असता. बायडाबाईनं सटवाकडं बघितलं. ज्या माणसानं एवढी वर्षं साहेबांच्या दारात बोलून घसा कोरडा केला, तो जमिनीकडं बघत बसला होता. तिनं भिंतीला हात लावला आणि सावकाश उठून उभी राहिली.

"सरपंच कोन हाय?" तिनं विचारलं.

आबा हसले. "म्हंजे काय बाई? ही काय समोर बसलीय."

"मंग तिला बोलू द्या. म्या हरले ती विजयमालाबाईकून. तुमच्याकून न्हाई हरले, आबा. तुमी उभेच नव्हते."

कुणीतरी मागं खोकलं. आबांचं हसू गेलं. "तिला काय कळतंय यातलं? लाजती ती चार माणसांत."

ग्रामसेवक पेनचं टोपण लावत आणि काढत राहिला. विजयमालेनं मान खालीच ठेवली होती. बायडाबाईला वाटलं, झालं, आता बसावं.

तेवढ्यात विजयमाला म्हणाली, "मामंजी, जरा थांबा."

आवाज बारीक होता, पण ऐकू आला सगळ्यांना. ती पुढं म्हणाली, "विहिरीची जागा आज ठरवायची नाही. आधी वस्तीतल्या बायांबरोबर जाऊन मी जागा बघते. मग पुढच्या सभेत ठरवू. तसं लिहा, भाऊसाहेब."

ग्रामसेवकानं आबांकडं बघितलं, मग तिच्याकडं, आणि लिहिलं.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. नाथा तंबाखू मळत राहिला. आबा उठले, टोपी नीट केली आणि सभा संपायच्या आधीच बाहेर गेले. जीप चालू झाल्याचा आवाज आला. उरलेले विषय विजयमालेनं अडखळत वाचले आणि सभा संपली. विहीर अजून कागदावरही नव्हती. माणसं चपला शोधत आपापल्या घरी निघून गेली.

सटवा आणि बायडाबाई चढाला लागले. अर्ध्या वाटेवर ती एका दगडावर टेकली. सटवा शेजारी बसला.

"पानी वरच्या लिंबापाशी लागंल," तो म्हणाला. "म्या दाखवतो तिला जागा."

बायडाबाई खाली बघत होती. खालच्या वाटेनं विजयमाला एकटीच शेताकडं चालली होती. जीप तिला न घेताच गेली होती. ती भराभर चालत नव्हती. मध्येच थांबायची, पदर सारखा करायची, परत दोन पावलं टाकायची.

"हिला आता घरी काय काय ऐकावं लागंल, काय ठाव," बायडाबाई म्हणाली.

"ते त्यायच्या घरचं. आपन काय करनार?"

बायडाबाईनं गुडघ्यावर हात दाबले आणि उठली. "तुमी व्हा म्होरं. मेंढरं आत घ्या. म्या तिच्यासंगं शेतापोतर जाऊन येते."

"पाय दुखत्यात ना तुजे?"

"दुखत्यात की," ती म्हणाली, आणि चढलेली वाट परत उतरू लागली.